संतरामचं इंजिन

प्रेमदास त्या दिवशी घरातून निघाला तो फक्त लॅपटॉप चार्ज करायला. तांड्यावरची लाईट पहाटेच गेली होती आणि वीज देणारा डीपी जळाल्यामुळे ती दोन दिवस तरी येणार नाही, असं कळलं होतं. जानेवारीचे दिवस. पुण्याच्या एका छोट्या कंपनीत तो सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून लागला, त्याला उणेपुरे दोन महिने झाले होते. तेवढ्यात आई पारुबाई अंगणात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. वडील किसनसिंग चार वर्षांपूर्वी गेलेले. बहीण संगिता कळमनुरीकडे दिलेली, ती पंधरा दिवस राहून आपल्या लेकराबाळांकडे परतली. उरला प्रेमदास.

टीमचं काम पाहणारी निलम वरच्या लोकांशी बोलली आणि तिनं त्याला तीन महिने घरून काम करायची परवानगी मिळवून दिली. अट एकच, दहा ते सात ऑनलाईन दिसायचं. "मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय, लक्षात ठेव," ती म्हणाली होती. आणि त्या एका आठवड्यात लाईटमुळे तो दोनदा मीटिंगच्या मधूनच गायब झाला होता. तिसऱ्यांदा तसं झालं असतं तर निलमचाही नाईलाज झाला असता.

शेजारच्या चतुराबाईला आईजवळ बसवून तो गाडीवर निघाला. सिद्धेश्वर धरणाच्या भिंतीपाशी रेंज चांगली येते हे त्याला माहीत होतं. लाईट मात्र तिथल्या चहाच्या टपरीवरही नव्हती. लॅपटॉपमध्ये जेमतेम अर्ध्या तासाची बॅटरी उरलेली. पाण्यावर धुकं असं बसलं होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. त्या धुक्यातून त्याला इंजिनाचा आवाज आला. जुनं, जड डिझेल इंजिन. फट्… फट्… फट्… एका लयीत, दमानं चाललेलं.

आवाजाच्या मागानं तो कच्च्या रस्त्यानं आत गेला. बाभळी दाटत गेल्या आणि त्यांच्यामागे बैठ्या खोल्यांची एक ओळ दिसली. पूर्वी धरणाच्या, कालव्याच्या कामावरची माणसं तिथं राहायची, एवढं त्यानं लहानपणी ऐकलं होतं. बऱ्याच खोल्यांची दारं गेली होती. शेवटच्या खोलीत मात्र बल्ब जळत होता. दिवसाउजेडी, पिवळा, जरासा थरथरणारा. खोलीच्या बाजूला पत्र्याची शेड होती आणि शेडच्या सावलीत एक म्हातारा पाठमोरा बसून चिंधीनं हात पुसत होता.

"काका, जरा चार्जिंग करू का?" प्रेमदासनं विचारलं.

म्हाताऱ्यानं मान वळवली नाही. "लाईट पाहिजे?"

"व्हय. नोकरीचं काम हाय."

"बस मंग. झालं की सांग. सांगितल्याबिगर जाऊ नको."

एवढंच बोलणं. खोलीत दगडी ओटा होता, भिंतीवर काळा जुना बोर्ड. प्रेमदासनं पिन लावली आणि चार्जरचा दिवा हिरवा झाला. त्याचा जीव भांड्यात पडला. दहाच्या ठोक्याला तो मीटिंगमध्ये हजर होता. संध्याकाळी सातला त्यानं दारातून सांगितलं, "झालं, काका." शेडमधून आवाज आला, "बरं." आणि इंजिन दोन-तीन आचके देऊन बंद झालं.

तांड्यावर डीपी बसला तरी लाईटचं येणं-जाणं काही सुधारलं नाही. प्रेमदास रोजच तिथं जाऊ लागला. म्हाताऱ्याचं नाव संतराम, एवढं त्यानं एकदा विचारून घेतलं. पहिले काही दिवस तो टपरीवरून चहा घेऊन जायचा. कप शेडच्या खांबाशी ठेवायचा. संध्याकाळी कप तसाच भरलेला असायचा, वर साय धरलेली. पुढं त्यानं चहा न्यायचं सोडून दिलं. वाटलं, म्हाताऱ्याला पथ्य असेल.

खोलीत एक गोष्ट त्याला खटकायची. बाहेर ऊन तापलं तरी आतला गारवा जात नसे. डिझेलचा आणि जळक्या तेलाचा वास कपड्यांना चिकटून घरी यायचा. आणि इंजिनाचा आवाज एवढा की कॉलवर त्याला मोठ्यानं बोलावं लागे.

"ओरडतोस का रे एवढा?" निलम एकदा हसत म्हणाली.

"मागं इंजिन चालू आहे ना. तुम्हाला त्रास होतोय का?"

"कसलं इंजिन? मला तर काहीच ऐकू येत नाही. उलट इतकी शांतता कुणाकडेच नसते. कुठं बसतोस तू?"

प्रेमदासनं खिडकीतून शेडकडे पाहिलं. फट्… फट्… फट्… ओट्यावर ठेवलेल्या बाटलीतलं पाणीसुद्धा त्या आवाजानं थरथरत होतं. माईक चांगला असेल, बाहेरचा आवाज कापत असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. यंत्रांत काम करणाऱ्या माणसाला अशी समजूत लवकर पटते.

मग फेब्रुवारीत एका दुपारी चतुराबाईचा फोन आला. पारुबाईला चक्कर आली होती. प्रेमदासनं लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि गाडीला किक मारली. घरी पोचला तोवर आई शुद्धीवर येऊन लिंबूपाणी पीत होती. उन्हाचं झालं असावं. दिवेलागणीच्या सुमाराला तो तिच्या पायाशी जरा टेकला, तेव्हा त्याला तो आवाज ऐकू आला.

फट्… फट्… फट्…

धरण तिथून चांगलं चार किलोमीटर. हवा पडलेली. तरी आवाज असा येत होता, जणू इंजिन गोठ्यामागे लावलंय. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आज आपण न सांगताच निघालो.

"याडी, कसला आवाज येऊन राहिला?" त्यानं आईला विचारलं.

पारुबाईनं कान दिला. "कुठं? मला तर न्हाई येत."

अंथरुणावर पडला तरी आवाज चालूच. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. नुसती वाट पाहणं होतं. कुणीतरी दिवा धरून उभं आहे, हात अवघडलाय, पण आपण सांगितल्याशिवाय तो हात खाली करणार नाही, असं काहीतरी.

फटफटीत व्हायच्या आत तो तिथं पोचला. बल्ब जळत होता. शेडमध्ये संतराम तसाच पाठमोरा बसलेला, हात तसाच चिंधीवर. प्रेमदास दहा पावलं अलीकडेच थांबला.

"काका… झालं. कालच झालं होतं. माझं चुकलं."

मग, "बरं." इंजिन थांबलं. तेव्हाच प्रेमदासच्या मनात पहिल्यांदा आलं की महिनाभरात आपण या माणसाचा चेहरा पाहिलेला नाही. त्याला उठताना, चालताना पाहिलेलं नाही.

दुसरा कुणी असता तर परत फिरकला नसता. प्रेमदासनंही दोन दिवस तांड्यावरच काम करायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी ऐन मीटिंगमध्ये लाईट गेली आणि निलमचा मेसेज आला, *प्रेमदास, प्लीज. आता नको.* तो गाडी काढून निघाला. घाबरत निघाला, पण निघाला. आणि खोलीत बल्ब लागलेला पाहून त्याला भीतीच्या आधी जे वाटलं, ते आपलं कुणीतरी जागं आहे, असं वाटणं होतं. ती गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या टीमचं सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जायचं होतं. शेवटची सगळी तपासणी प्रेमदासकडे. तो दिवस निभावला तर नोकरी पक्की, असं निलमनं स्पष्ट सांगितलं होतं. सकाळपासून कॉल चालू. आजूबाजूच्या शिवारात हळद शिजत होती, तिचा वास पार खोलीपर्यंत येत होता. दुपारी तीनला आभाळ काळवंडलं. वारा सुटला आणि बघता बघता गारा कोसळायला लागल्या. कॉल तसाच ठेवून प्रेमदास गाडी आडोशाला घ्यायला बाहेर पळाला. पाच-सात मिनिटं गेली असतील. भिजून आत आला, हेडफोन कानाला लावला तर निलम हसत होती.

"तिथं शाळा भरते का रे?"

"शाळा? नाही. का?"

"अरे, तू गेलास आणि मुलं पाढे म्हणायला लागली. दहा-बारा तरी असतील. काय गोड म्हणत होती. त्यातला एक बिचारा एकोणिसाच्या पाढ्यात दरवेळी अडकतोय. एकोणीस साती म्हटलं की गप्प. बाकीचे थांबतात, मग परत पहिल्यापासून."

प्रेमदासनं खोलीभर पाहिलं. दगडी ओटा. ओल्या भिंती. दाराबाहेर गारांचा पांढरा सडा आणि त्यावर एकाही पावलाचा ठसा नाही, त्याचे स्वतःचे सोडून.

"टपरीवरची पोरं असतील," तो म्हणाला. "पुढचं घेऊ या का?"

वादळानं त्या दिवशी तालुक्यातले कितीतरी खांब झोपवले. कुठंच लाईट नव्हती. त्या एका खोलीत बल्ब जळत राहिला. एकदाही डोळा न मिटता, एकदाही मंद न होता. सातला पाच कमी असताना निलम म्हणाली, "झालं, प्रेमदास. गेलं सगळं व्यवस्थित. आज तू नसतास तर अवघड होतं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं लॅपटॉप मिटला.

"झालं का?"

आवाज आज शेडमधून आला नव्हता. दाराच्या अगदी बाहेरून आला होता. अंधारून आलेलं. चौकटीच्या कडेला काळपट, घट्टे पडलेली चार बोटं टेकलेली दिसत होती.

"झालं, काका." प्रेमदास उठून उभा राहिला. जे बोलायचं होतं ते त्यानं बोलून टाकलं. "तुमचे लय उपकार झाले. तुमी नसते तर माझी नोकरी गेली असती. मायच्या जवळ राहता आलं नसतं."

बोटं हलली नाहीत. "बाकीच्यांचं झालं का?"

"बाकीचे… कोण, काका?"

"बाकीच्यांचं झाल्याबिगर बंद कसं करू…"

मग बोटं चौकटीवरून हळूच निघाली. प्रेमदास तसाच गाडीकडे गेला. गाडी चालू होईपर्यंत त्यानं मागं पाहिलं नाही. पाठीमागे इंजिन चालूच होतं.

दोन दिवसांनी नोकरी पक्की झाल्याचं पत्र मेलवर आलं. त्याच दिवशी पडलेले खांब उभे करायला वायरमन हिरासिंग तांड्यावर आला. साठीला टेकलेला, शेजारच्या तांड्यावरचा माणूस, सगळे त्याला काका म्हणत. चहा देताना प्रेमदासनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, धरणावरच्या त्या जुन्या खोल्यांना लाईन कोणत्या डीपीवरून हाय?"

"त्या खोल्यांना?" हिरासिंगनं बशी ओठांपासून दूर धरली. "कोणत्याच न्हाई. पंधरा-सोळा वर्षं झाली तारा काढून. म्याच काढल्या. काहून रे?"

प्रेमदासनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. निलमनं त्या दिवशीच्या कॉलच्या रेकॉर्डिंगचा छोटा तुकडा काढून गमतीनं त्याला पाठवला होता, *ही घे तुझी शाळा*, असं लिहून. तो त्यानं अजून उघडून पाहिला नव्हता. दोघांनी मिळून तो ऐकला. गारांचा आवाज. त्याच्या आत, विहिरीतून यावा तसा, पोरांचा एकसुरी पाढा. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस… एकोणीस साती… आणि एक बारीक आवाज अडकला.

हिरासिंगच्या हातातली बशी कलंडली.

"हा म्या हाय," तो म्हणाला.

"काय?"

"हा माझा आवाज हाय, पोरा. मला एकोणिसाचा पाढा कवाच आला न्हाई." मग हलक्या आवाजात सांगायला लागला. "माझा बाप कालव्याच्या कामावर होता. आमी तिथंच राहायचो. तवा गावात, तांड्यात कुठंच लाईट नव्हती. संतरामकाका इंजिन चालवायचा. ऑफिसचं काम सरलं तरी तो आमच्यासाठी इंजिन चालू ठेवायचा. आमी अकरा पोरं त्या खोलीत एका बल्बाखाली बसायचो. त्याला सवताला एक अक्षर येत नव्हतं. दारात उभा राहून विचारायचा, झालं का? आमी म्हणायचो, झालं. मंग बंद."

"आणि मग?"

"एका पावसाळ्यात इंजिनापाशीच गेला. छातीत कळ आली म्हणे. आमाला काय ठावं? आमी पाढे म्हणत बसलो. काका विचाराले येईल, मंग उठू. तो आलाच न्हाई. आमी तसेच आडवे झालो. सकाळी मोठ्या माणसांनी पाहिलं तर इंजिनात डिझेलचा थेंब नव्हता. आन् बल्ब चालू होता."

दोघं भर दुपारी तिथं गेले. शेडचे खांब तेवढे होते, पत्रे कधीच गेले होते. इंजिनाच्या जागी सिमेंटचा चौथरा आणि त्याच्या भेगेतून उगवलेली टणटणी. खोलीत हिरासिंगनं स्क्रू काढून काळा बोर्ड भिंतीवरून उतरवला. मागं वायर नव्हती. वायरीच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. वाळलेलं, किती तरी जुनं. याच बोर्डात प्रेमदासनं दोन महिने पिन लावली होती.

हिरासिंगनं बोर्ड ओट्यावर ठेवला. दारात गेला, डोक्यावरची टोपी काढली आणि त्या रिकाम्या चौथऱ्याकडे तोंड करून उभा राहिला.

"काका," तो म्हणाला. "म्या हिरासिंग. आमचं झालं. लय आधीच झालं. म्या दहावी झालो, लाईनीवर लागलो. पाच तांड्यांत लाईट म्या नेली. शंकर मास्तर झाला. यमुना नर्स झाली. सगळ्यांचं झालं. सांगायचं राहूनच गेलं होतं, काका… आता बंद कर."

वारा नव्हता, तरी बाभळीच्या शेंगा एकदा खुळखुळल्या. दोघंही थांबले. "बरं" असं कुणी म्हणेल असं प्रेमदासला वाटलं. कुणी म्हटलं नाही. पण खोलीतला गारवा गेला. आपण नुसत्या तापलेल्या दगडांत उभे आहोत, एवढंच उरलं. परत येताना हिरासिंग गाडीवर मागं बसून लहान पोरासारखा रडत होता आणि प्रेमदासला त्याचं काही वाटलं नाही, कारण त्याचेही डोळे भरून येत होते.

एप्रिलमध्ये पारुबाई काठी धरून चालायला लागली. प्रेमदासनं पुण्यात दोन खोल्या पाहून ठेवल्या. सोमवारी आईला घेऊनच निघायचं होतं. शनिवारी दुपारी तो सामान बांधत होता आणि पारुबाई बाजेवर बसून मुगाच्या शेंगा सोलत होती, तेव्हा निलमचा मेसेज आला. *जुनी रेकॉर्डिंग काढून टाकत होते. तुझ्या शाळेचं पुढंही बरंच आहे, हजेरी घेतायत. तुला ठेवायचं असेल तर पाठवतेय.*

प्रेमदासनं फोन बाजेवर ठेवला आणि लावलं.

पाढा संपला. मग एक जाड, घोगरा आवाज, अडखळत एकेक नाव घेणारा. शंकर. हजर. यमुना. हजर. हिरासिंग. हजर. प्रत्येक नावाला एक बारीक आवाज. प्रेमदासच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यानं बोटांवर मोजली, बरोबर अकरा झाली.

घोगरा आवाज थांबला. श्वास घेतल्यासारखं झालं.

"प्रेमदास किसनसिंग."

"हजल."

प्रेमदासचा हात दोरीच्या गाठीवर तसाच राहिला. पारुबाईनं मात्र शेंगा बाजूला सारल्या आणि फोनकडे वाकून पाहिलं. तिचा सुरकुतलेला चेहरा उजळून निघाला होता. कितीतरी महिन्यांत ती इतकी खुशीत दिसली नव्हती.

"आगं माय, हा तर तुझा आवाज," ती म्हणाली. "सात वर्षांचा होईस्तोवर तुला र म्हणता येत नव्हता. असाच बोलायचास, हजल." ती हसली, पदरानं डोळे टिपले आणि मग तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं. "पण तवा आपल्याकडं फोन कुठं होता रं? हे कवा भरून ठेवलं कुणी?"

प्रेमदासनं फोन उचलून हातात घेतला.

"लाव ना," पारुबाई म्हणाली. "अजून एकदा लाव."